नवागताचा वाटा

दिंडोरीच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथे प्रवेशाची गडबड आटोपली की महिन्याभरात कोणी ना कोणी विद्यार्थी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मागत येतोच. ग्रंथालयात प्रत एक. तिची शिवण उसवलेली, आणि ती बहुधा कोणाकडे तरी गेलेली. मग विद्यार्थी विचारतो, "सर, पीडीएफ आहे का?" पीडीएफ असतेच. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर अशी ती गावभर फिरलेली असते. एकीत शेवटची पाने नाहीत, दुसरीच्या मुखपृष्ठावर कुठल्याशा पुढाऱ्याचा फोटो, तिसरीत गांधीजींच्या टीकेला बाबासाहेबांनी दिलेले उत्तरच गाळलेले. एका वर्षी अशाच एका प्रतीवरून मी स्वतः तास घेतला. मधली आठ पाने गायब आहेत हे वर्गातल्या एका मुलीने दाखवून दिले. पाने गाळणारा कोण, मुद्दाम गाळली की स्कॅन करताना राहिली, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्या फजितीनंतर मी फाइल वाटण्याचे जे तंत्र शिकलो, त्याची ही माहिती आहे.

ग्रंथ मिळण्याची ही अडचण काही आजची नाही. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केले तेव्हा, 1936 साली, बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. पुढे महाराष्ट्र शासनाने 'लेखन आणि भाषणे' ही खंडमाला हाती घेतली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड 1979 साली निघाला. 1987 साली चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' आले आणि त्यातील राम व कृष्ण यांच्यावरील मजकुरावरून गदारोळ उठला. तो मजकूर काढून टाकण्याची शासनाची तयारी झाली होती. फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा कोठे तो राहिला. तोही शासन या मतांशी सहमत नाही अशा टिपेसह. डिसेंबर 2021 मध्ये तर या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्तपत्रातील बातमीची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड ठेवले गेले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु शेकडो पानांची फाइल आमच्या भागातल्या मोबाइल लाइनवर अर्ध्यात तुटते, आणि एका ठिकाणी ठेवलेली वस्तू त्या ठिकाणच्या मालकाच्या मर्जीवर असते. 1988 ने हे आपल्याला पुरते शिकवले आहे.

2001 साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने बिटटॉरेंट नावाची पद्धत तयार केली. तिच्यात फाइलचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतात. समजा, ग्रंथाची फाइल 40 मेगाबाइटची आहे आणि तुकडा 256 किलोबाइटचा. तर तुकडे झाले 160. प्रत्येक तुकड्यावर एक गणिती क्रिया करून त्याचा 20 बाइटचा ठसा काढतात. तुकड्यातला एक स्वल्पविराम बदला, ठसा पार वेगळा येतो. हे 160 ठसे, फाइलचे नाव आणि तुकड्यांचा आकार एवढेच एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेले असते. तिला टॉरेंट फाइल म्हणतात. ती तीन-चार किलोबाइटची भरते. तिच्यात ग्रंथ नसतो, ग्रंथ ओळखण्याच्या खुणा असतात. ही छोटी फाइल विश्वासाच्या माणसाकडून मिळाली की तुकडे कोणाकडूनही येवोत, जळगावच्या अनोळखी संगणकावरून की जर्मनीतल्या. ठसा जुळला तर तुकडा ठेवायचा, नाही जुळला तर फेकून द्यायचा. माझ्या वर्गातली ती आठ पाने या पद्धतीत गुपचूप गळू शकली नसती.

तुकडा हाती आला की तो घेणारा लगेच दुसऱ्यांना देऊ लागतो. पूर्ण फाइल असून जो देत राहतो त्याला 'सीडर' म्हणतात, म्हणजे बी पुरवणारा. नुसता घेतो आणि निघून जातो त्याला 'लीचर', म्हणजे जळू. ज्या तुकड्याच्या प्रती सर्वांत कमी जणांकडे आहेत तो आधी घ्यावा, असाही एक नियम आहे. त्यामुळे दुर्मिळ तुकडा पटकन पसरतो आणि तो जवळ असणारा एकटा माणूस निघून गेला तरी फाइल अपुरी राहत नाही.

परंतु या पद्धतीतली मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. मागणारे पुष्कळ असतात आणि देण्याची लाइन अरुंद असते, तेव्हा कोणाला द्यायचे? कोहेनचा मूळ नियम असा, की एका वेळी चौघांना द्यावे. जे आपल्याला वेगाने देत आहेत त्यांना आधी, आणि हा हिशेब दर दहा सेकंदांनी पुन्हा करावा. देणाऱ्याला द्या, न देणाऱ्याचे बंद करा. ऐकायला न्याय्य वाटते. आपल्याकडे 'गुणवत्ता' या शब्दाने जे सांगितले जाते ते जवळपास हेच आहे. पण ज्याने आत्ताच पाऊल ठेवले त्याच्याकडे एकही तुकडा नाही. तो देणार काय? आणि देत नाही म्हणून त्याला कोणीच काही दिले नाही, तर त्याच्याकडे तुकडा येणार कोठून? म्हणून चारांपैकी एक जागा या हिशेबातून बाहेर ठेवलेली आहे. ती जागा दर तीस सेकंदांनी फिरते, आणि ज्याने काहीही दिलेले नाही अशालाही मिळते. एवढेच नव्हे, नवीन जोडला गेलेला असेल तर ती जागा त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट ठेवावी, असे नियमावलीत लिहून ठेवले आहे.

ही दया नव्हे. ही जागा ठेवली नाही तर देवाणघेवाण आधीपासून असलेल्या चौघांत अडकून पडते आणि सर्वांचाच वेग खुंटतो, हे त्या प्रोग्रामरने ओळखले. शिवाय ज्याला कधी दिलेच नाही, तो किती वेगाने देऊ शकतो हे तरी कसे कळावे? राखीव जागांवरचा वाद मी स्टाफरूममध्ये गेली अनेक वर्षे ऐकतो आहे. त्या वादात हा मुद्दा एवढ्या सरळपणे मांडलेला मी कधी ऐकला नाही. मात्र तुलना फार ताणू नये. यंत्रातला नवागत रिकामा असतो कारण तो उशिरा आला. आपल्या माणसाला दारातच अडवले होते. आणि या पद्धतीतही एक खोट आहे. सीडरला स्वतःला काही घ्यायचे उरत नाही. मूळ नियमानुसार तो मग ज्याची लाइन वेगवान त्याला आधी देतो. पेठ-सुरगाण्याकडचा विद्यार्थी तेथे पुन्हा मागेच राहतो. आजचे क्लायंट आकडे आणि नियम थोडेफार बदलून वापरतात, तरी हे लक्षात असलेले बरे.

आता प्रत्यक्ष काम. माझ्याकडे एक टाकाऊ ठरवलेला संगणक होता. मेमरी एक गिगाबाइट, नवीन विंडोज त्यावर चालणे शक्यच नव्हते. त्यावर लिनक्स टाकले, तेही चित्रांशिवाय. म्हणजे काळा पडदा आणि त्यावर आज्ञा टंकायची एक ओळ. 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तेव्हापासूनची ही रीत. विद्यार्थी या पडद्याला बिचकतात. मीही बिचकलो होतो. आमच्या घरात संगणकाला हात लावणारा मीच पहिला. पण येथे इंग्रजी फाड-फाड बोलता यावे लागत नाही. पंधरा-वीस शब्द अचूक लिहिता आले की पुरे. चूक झाली तर यंत्र चुकीची ओळ दाखवते आणि पुन्हा वाट पाहते, हसत नाही. दुसरा फायदा असा, की नुसत्या अक्षरांना डेटा फार थोडा लागतो. त्यामुळे घरून मोबाइलवरूनही हा संगणक हाताळता येतो.

क्लायंट अनेक आहेत. मी ट्रान्समिशन वापरतो. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहाव्यात.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ट्रान्समिशन-डीमन ट्रान्समिशन-सीएलआय

डेबियन किंवा उबुंटूवर एवढ्याने क्लायंट बसतो. मात्र तो आपोआप एका वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने सुरू होतो आणि पासवर्ड मागू लागतो. नवशिक्याचा पहिला दिवस यातच जातो. तो थांबवावा आणि आपल्या नावाने सुरू करावा :

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ ट्रान्समिशन-डीमन
ट्रान्समिशन-डीमन

डीमन म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम. टर्मिनल बंद केले तरी तो थांबत नाही. त्याला हुकूम देण्याचे काम 'ट्रान्समिशन-रिमोट' करते. तिच्यापुढे '-ए' आणि टॉरेंट फाइलचे नाव लिहिले की काम यादीत चढते. '-एल' लिहिले की यादी दिसते : क्रमांक, किती टक्के आले, वेग किती, आणि घेतलेल्याच्या किती पट दिले ते गुणोत्तर. '-टी 1 -व्ही' म्हणजे पहिल्या फाइलचे सर्व ठसे पुन्हा ताडून पाहा. '-टी 1' पुढे छोटे '-एस' लिहिले तर सुरू, मोठे '-एस' लिहिले तर बंद. येथे छोट्या-मोठ्या अक्षराला किंमत आहे. '-यू 30' म्हणजे सेकंदाला 30 किलोबाइटपेक्षा जास्त बाहेर पाठवू नको. ही मर्यादा घालावीच. नाहीतर कार्यालयातली लाइन आपण खाऊन टाकतो आणि दुसऱ्या दिवशी संगणकाची तार काढलेली सापडते. हा अनुभव घेऊन झाला आहे.

आपला स्वतःचा ग्रंथ वाटायचा तर असे :

ट्रान्समिशन-क्रिएट -ओ जात.टॉरेंट जात.पीडीएफ

नंतर हीच टॉरेंट फाइल '-ए'ने चढवायची आणि '-डब्ल्यू'पुढे पीडीएफ जेथे ठेवली त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यायचा. क्लायंट तेथली फाइल तपासतो आणि वाटप सुरू करतो. सरावासाठी इंटरनेट आर्काइव्हचे टॉरेंट बरे. 2012 पासून त्यांनी आपल्या संग्रहाला टॉरेंट जोडले आहेत, आणि दुसरे कोणी देणारे नसले तरी त्यांचा सर्व्हर तुकडे पुरवतो.

एक खड्डा सांगून ठेवतो. सेटिंगची फाइल डीमन चालू असताना बदलली, तर तो बंद होताना आपली जुनी सेटिंग तीवर पुन्हा लिहितो. मी तीन संध्याकाळी तोच बदल करत होतो. आधी डीमन बंद, मग बदल. वीज गेल्यावर तो आपोआप सुरू व्हावा म्हणून 'क्रॉनटॅब -ई' लिहून उघडणाऱ्या यादीत '@रीबूट ट्रान्समिशन-डीमन' ही ओळ घालावी.

विद्यार्थ्यांकडे संगणक नसतो, मोबाइल असतो. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचे टर्मिनल मिळते. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल ट्रान्समिशन' लिहिले की हेच सगळे चालते. अडचण अशी, की मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. बाहेरून त्यांच्यापर्यंत सहसा कोणी पोहोचू शकत नाही, आणि असे दोन मोबाइल एकमेकांना बहुधा सापडत नाहीत. निदान एक यंत्र उघड्या पत्त्यावर हवे. म्हणून आमचा जुना संगणक महत्त्वाचा. याला एक उत्तर वर्गातच आहे. 'ट्रान्समिशन-रिमोट -वाय' लिहिले की एकाच वायफायवरची यंत्रे एकमेकांना शोधतात. आम्ही एका शनिवारी अकरा मोबाइल आणि तो संगणक एका राउटरला जोडले, राउटरचे इंटरनेट काढून टाकले, आणि ग्रंथ सर्वांकडे पोहोचला. कोणाचाही एक पैशाचा डेटा गेला नाही.

कायद्याचे बोलणे भाग आहे. टॉरेंट वापरणे हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या हक्काची वस्तू वाटणे हा आहे. आणि येथे आपला पत्ता सर्वांना दिसत असतो, हेही ध्यानात घ्यावे. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क टिकतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन त्यामुळे 1 जानेवारी 2017 पासून मुक्त झाले. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची 60 वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' 1957 चा, म्हणजे तो 2018 पासून मुक्त. 'रिडल्स' 1987 चा, त्याला 2047 अखेरपर्यंत थांबावे लागेल. मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. आम्ही म्हणूनच 'ॲनिहिलेशन'चा इंग्रजी मजकूर विद्यार्थ्यांकडून टंकून घेतला, पहिल्या खंडाशी पानोपान ताडला, आणि तोच वाटतो. हयात दलित लेखकांची पुस्तके 'समाजासाठी' म्हणून फुकट वाटणारे कार्यकर्ते मला भेटतात. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर सतरंजी टाकून स्वतःचा कवितासंग्रह विकणाऱ्या माणसाचे त्यात काय होते, हे त्यांनी एकदा त्याच्या शेजारी बसून पाहावे.

शेवटचा सीडर उठून गेला की टॉरेंट मरते. खुणांची फाइल राहते, ग्रंथ मिळत नाही. आंबे हे गाव याच तालुक्यातले, दादासाहेब गायकवाडांचे जन्मगाव. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज आपण वाचतो, कारण दादासाहेबांनी ती जपून ठेवली. यंत्राला तसे जपणे कळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा संगणक दीड महिना बंद होता. जूनमध्ये परत लावला तेव्हा यादीत आमच्याशिवाय दोन सीडर दिसले. एक टर्मक्सवरचा, तो आमचाच विद्यार्थी. दुसरा कोण, अजून माहीत नाही. रात्री अकरानंतर येतो आणि पहाटे जातो.