नापास विडीची करामत

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या दुपारी चक्कर मारा. उंबरठ्याशी बसलेल्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली तेंदूची पानं. पानात चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड दुमडलं की विडी तयार. हे चाललेलं असताना बाईचं लक्ष असतं गॅसवरच्या भाताकडे आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराकडे. भोंगा नाही, हजेरी नाही, मुकादम नाही. ‘वर्क फ्रॉम होम’ आपण 2020 मध्ये शिकलो. इथल्या बायका ते त्याच्या कितीतरी आधीपासून करत आल्या.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. या बाईचा फंड कापला जातो! होय, प्रॉव्हिडंट फंड, आणि मालकही त्यात आपला वाटा घालतो. घरी बसून, सवडीनं काम करणाऱ्या बाईला हे मिळालं कसं?

त्यासाठी आधी सिन्नरला जावं लागेल. तिथल्या एका विडी कारखान्यात कामगार वाटेल तेव्हा येत, वाटेल तेव्हा जात. मजुरी हजार विड्यांवर. रजेच्या पगारावरून वाद झाला आणि तो थेट सुप्रीम कोर्टात पोहोचला. 1961 मध्ये कोर्टानं बहुमतानं निकाल दिला: ज्याच्या येण्याजाण्यावर मालकाचा ताबा नाही, तो कारखाना कायद्यातला कामगारच नव्हे. म्हणजे वेळेची मोकळीक मिळाली, पण तिच्यापायी रजा गेली.

गंमत अशी, की जेमतेम वर्षभर आधी याच कोर्टानं नागपूरच्या विडी कामगारांना कामगार मानलं होतं. तेही बऱ्यापैकी आपल्या सोयीनं येत. पण त्या निकालात एक वेगळीच नजर होती. दिवसाच्या शेवटी विड्या तपासून कमअस्सल माल बाजूला काढला जातो, हीसुद्धा देखरेखच, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

ही नजर पुढे फार कामी आली. 1966 मध्ये संसदेनं विडी-सिगार कामगारांसाठी कायदा केला आणि घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगारांच्या व्याख्येत बसवलं. बाळंतपणाच्या रजेचा कायदाही या धंद्याला लागू केला. 1977 मध्ये फंड आला. मालक पुन्हा कोर्टात. बाई तिच्या घरात, आम्ही तिला पाहतही नाही, मग ती आमची नोकर कशी?

1985 मध्ये पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं उत्तर दिलं. विडी नापास करण्याचा हक्क कुणाकडे आहे? तुमच्याकडे. मग ताबाही तुमचाच, आणि फंडही तुम्हीच भरा.

केवढी विलक्षण उलटापालट आहे ही! कंपनीच्या ब्रँचमध्ये माल द्यायला गेल्यावर तपासणारा नापास विड्या वेगळ्या काढतो. पान गेलं, वेळ गेला, मजुरीही नाही. बाईला सगळ्यात जास्त सलणारा क्षण हाच, आणि तिला कामगार ठरवणारा पुरावाही हाच. घड्याळात जो मालक दिसत नव्हता, तो चाळणीत सापडला.

अर्थात सगळं गोड झालं नाही. घर हाच कारखाना असल्यामुळे तंबाखूची धूळ पोरांच्या नाकात जाते आणि शाळेतून आलेली मुलगी नकळत दोरे बांधायला बसते. ठेकेदार मध्ये असला की बाईचं नाव कागदावर चढेलच असं नाही. विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठीचा विडीवरचा उपकर 2017 मध्ये जीएसटीबरोबर गेला. तरीही कामगार म्हणून ओळख असणं काय करू शकतं, ते पाहायचं असेल तर सोलापूरजवळ कुंभारीला जा. विडी कामगार बायकांची सुमारे 10,000 घरांची वसाहत तिथे उभी आहे, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची.

आणि आजची मोकळीक? ॲपवरून बोलावलेली ब्यूटिशियन तुमच्या दारात येते. कंपनी म्हणते, ती आमची नोकर नाही, भागीदार आहे, हवं तेव्हा काम करते. पण रेटिंग घसरलं की तिचा आयडी बंद कोण करतं? सिन्नर-नागपूरचा जुना वादच हा, फक्त फोनवर आलेला.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता अशा कामगारांना पहिल्यांदा नाव देते. कंपन्यांनी उलाढालीचा 1 ते 2 टक्के वाटा त्यांच्यासाठीच्या निधीत भरायचा आहे. हे चांगलंच झालं. पण त्याच संहितेची व्याख्या त्यांना पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये उबरच्या चालकांना कामगारांचे हक्क दिले, तेव्हा कंपनीच्या ताब्याच्या खुणांमध्ये रेटिंगही मोजलं होतं. विडीचा निकाल हाताशी असलेल्या देशानं हे आधी करायला हवं होतं.