ज्वालामुखीचं सोंग घेणारे दगड

अवकाशातला धोंडा जमिनीवर आदळला की खडकाचा नुसता भुगा होत नाही. भुगा, टोकेरी तुकडे, वितळून काच झालेले थेंब असं सगळं एकमेकांत अडकून घट्ट होतं. पाकात शेंगदाणे अडकतात तसं! हा ब्रेशिया. आणि याची खोड अशी, की तो भल्याभल्यांना ज्वालामुखीतून आल्यासारखा वाटतो.

जर्मनीतलं नोर्डलिंगन हे बव्हेरियातलं टुमदार गाव बघा. सुमारे 24 किलोमीटर रुंद रीस विवराच्या आतच ते वसलंय. दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आघातात तयार झालेला सुएव्हाइट हा ब्रेशिया गावकऱ्यांनी बिनदिक्कत बांधकामाला वापरला. सेंट जॉर्ज चर्चचा सुमारे 90 मीटर उंच मनोराही त्याचाच. विवर ज्वालामुखीचं, असंच जाणकार धरून चालले होते. पण 1960 मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांना त्या दगडात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्‌झचं हे रूप प्रचंड दाबाखालीच बनतं आणि तेवढा दाब जमिनीच्या पाठीवर ज्वालामुखी देऊ शकत नाही. मग तर दगडात हिरेही सापडले! आघाताच्या दाबाने ग्राफाइटचे झालेले. पण सराफाकडे धाव घेऊ नका, ते दिसायलाही सूक्ष्मदर्शक लागतो.

1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर अॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल दगड ओळखायला शिकण्यासाठी याच रीसमध्ये येऊन गेले. शहाणपणाचा निर्णय! कारण 1972 मध्ये अपोलो 16 चंद्राच्या देकार्त भागात उतरलं, तेव्हा तिथे ज्वालामुखीचे खडक मिळतील अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. मिळाला मुख्यतः ब्रेशियाच. अंतराळवीर चार्ल्स ड्यूक यांनी कुरकुरत उचललेला ‘बिग म्युली’ हा 11.7 किलोचा धोंडाही ब्रेशियाच निघाला. अपोलोने चंद्रावरून आणलेला सगळ्यात मोठा नमुना तोच.

आपलं लोणारही बराच काळ ज्वालामुखीच्या खात्यावर जमा होतं. तळ्यात बोअर घेतले, तेव्हा सुमारे 100 मीटर गाळाखाली फुटलेल्या बेसॉल्टचा ब्रेशिया लागला आणि 1973 मध्ये आघाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. बेसॉल्टमधली विवरं पृथ्वीवर फार थोडी, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक बुलढाण्याची वाट धरतात.

मंगळावर मात्र सगळं अवाढव्य. इसिडिस खोऱ्याच्या आसपास ब्रेशियातले काही ठोकळे शेकडो मीटर लांबीचे आहेत. मंगळाचा एक छोटा तुकडा मात्र आपल्या हाती लागलाय. सहारात सापडलेली, 2011 मध्ये अभ्यासकांच्या हाती आलेली ‘ब्लॅक ब्यूटी’ ही जेमतेम 320 ग्रॅमची उल्का म्हणजे मंगळाचा ब्रेशिया. त्यातले काही झिरकॉन स्फटिक सुमारे 440 कोटी वर्षं जुने आहेत!