राग हक्काचा आणि राग हट्टाचा

"हल्ली माणसांचे डोके फार लवकर फिरते." हे वाक्य आपण नळावर ऐकतो, शेअर रिक्षात ऐकतो, सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेतही ऐकतो. दुचाकीला जरासा धक्का लागला की दोघे एकमेकांची कॉलर धरतात. मोबाईल काढून घेतला की दहा वर्षांचे पोर दार आपटते. सोबत दुसरी तक्रारही असते: "जो तो आपलाच हक्क सांगतो, थांबायला कुणी तयार नाही."

हे खरे आहे का? आरोग्याच्या पानावर हा प्रश्न घेण्याचे कारण आहे. रागाचा संबंध रक्तदाबाशी, झोपेशी आणि हृदयाशी आहे. ज्या घरात रोज आरडाओरडा होतो, तिथल्या बायका-मुलांच्या तब्येतीशीही आहे.

मोजून पाहिले तर काय दिसते?

गॅलप ही संस्था दरवर्षी शंभराहून अधिक देशांत लोकांना एक साधा प्रश्न विचारते: काल दिवसाचा बराच वेळ तुम्हाला राग आला होता का? अलीकडच्या वर्षांत जगभरात शंभरातली २० ते २५ माणसे 'हो' म्हणतात. दहा वर्षांपूर्वीही हा आकडा याहून फार कमी नव्हता. म्हणजे राग थोडा वाढला आहे, पण अख्खे जग एकाएकी पेटलेले नाही. याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. काळजी आणि ताण सांगणाऱ्यांची संख्या राग सांगणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. चिडलेल्या माणसाच्या आत पुष्कळदा घाबरलेला किंवा थकलेला माणूस असतो.

'मीच मोठा' या वृत्तीचेही असेच आहे. अमेरिकेतल्या जीन ट्वेंगी आणि कीथ कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की ही वृत्ती साथीसारखी पसरते आहे. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तिथल्याच कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती पुन्हा तपासली. १९९० च्या दशकापासून २०१० च्या दशकापर्यंत ही वृत्ती वाढलेली दिसली नाही, उलट थोडी कमी झालेली आढळली.

मग आपल्याला असे का वाटते? २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. किमान ६० देशांतले लोक गेली ७० वर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत: पूर्वीची माणसे चांगली होती, आताची बिघडली. पण "काल लोक तुमच्याशी आदराने वागले का?" असे दर काही वर्षांनी विचारले, तर उत्तरे जवळपास तीच येतात. वाईट बातमी आपले लक्ष लवकर ओढते आणि जुन्या काळातला वाईटपणा आठवणीत पुसट होत जातो, हे त्यामागचे कारण संशोधकांनी मांडले. आपल्या आजी-आजोबांना पूर्वीचा काळ विचारून पाहा. तो काळ सगळ्यांसाठी गोड नव्हता, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असेल?

ठिणग्या मात्र वाढल्या

याचा अर्थ वस्तीतली भांडणे आपल्याला भासतात असा नाही. माणसाचा स्वभाव तोच असला तरी त्याला पेटवणाऱ्या गोष्टी वाढू शकतात.

पहिली गोष्ट झोपेची. पत्र्याचे घर उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. एका खोलीत पाच-सहा माणसे, कुणाची रात्रपाळी, कुणाला पहाटे पाण्यासाठी उठायचे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही लोकांची झोप दोन रात्री काही तासांनी कमी केली आणि मग त्यांना कर्कश आवाज ऐकवला. पूर्ण झोपलेल्यांपेक्षा अर्धवट झोपलेले त्याच आवाजाने जास्त चिडले. आपल्याकडे तर कमी झोप आणि गोंगाट दोन्ही एकाच वेळी असतात.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. नळ, रेशन, दाखला, केसपेपर, मजुरी, सगळीकडे थांबायचे. ज्याची रोजी दिवसावर आहे त्याचा रांगेत गेलेला दिवस म्हणजे बुडालेला पैसा असतो. त्याला 'धीर धर' म्हणणाऱ्याचा पगार मात्र महिन्याचा असतो.

तिसरी गोष्ट मोबाईलची. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ट्विटरवरच्या १ कोटी २७ लाख मजकुरांचा अभ्यास केला. संताप व्यक्त केल्यावर ज्यांना जास्त 'लाइक' आणि 'शेअर' मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. शिट्टीने कुत्र्याला सवय लागते तशी माणसाला रागाची सवय लागत गेली. आपल्या महापुरुषांबद्दल किंवा समाजाबद्दल घाणेरडे बोललेली चित्रफीत ग्रुपवर येते तेव्हा हे आठवावे. ती बनवणाऱ्याला आपला राग हवाच असतो. आपण ती शंभर जणांना पाठवली की त्याचे काम आपणच केले. लिंक, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, तक्रार द्यावी, पण पुढे पाठवू नये.

हक्क कोणता, हट्ट कोणता?

'लोकांना हक्काचे फार झाले' असे कुणी म्हटले की आधी पाहावे, कोण कुणाला म्हणतो आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळायला हवे. ते पूर्ण मोजून मागणारी बाई माजलेली नसते. ती कायद्यातले मागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी खाली मान घालून घेतले, त्यांनी मान वर करून मागितले की ऐकणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो.

पण आपल्या घरातही पाहावे. कामावरून आल्या आल्या ताट समोर आले नाही म्हणून ते भिरकावणारा माणूस हक्क मागत नाही. तो हट्ट करतो. फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे: मी जे मागतो आहे, तेच समोरच्याने माझ्याकडे मागितले तर मी देईन का? देईन, तर तो हक्क. 'मला मिळावे, त्याने थांबावे' असे असेल, तर तो हट्ट.

"राग आला की मला आवरतच नाही," असे पुष्कळ जण सांगतात. पण त्यांनाच मुकादमाने शिवी दिली तर तिथे आवरते. साहेबापुढे आवरते. सुटतो तो घरी, बायकोवर. बायकोचा मग पोरांवर निघतो आणि मोठे पोर धाकट्याला मारते. राग पाण्यासारखा उताराकडे वाहतो. जिथून उलट उत्तर येणार नाही, तिथे तो जातो. म्हणजे राग आवरता येतो, हे त्या माणसाला आतून ठाऊक असते.

हक्काच्या रागाचे काय करायचे याचे उदाहरण आपल्याला दूर शोधायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. त्या वेळी आपल्याकडे माणसे होती, संतापही होता. बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. पोलिसांत तक्रार झाली, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दिवाणी दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. एवढा राग ना गिळला गेला, ना एका संध्याकाळी उधळला गेला. तो दहा वर्षे पुरवला.

शरीरात काय घडते?

राग आला की मेंदू धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या ॲड्रेनॅलिन रक्तात सोडतात. छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास भरभर होतो, हातपाय ताठरतात. वाघ समोर आला तर हे उपयोगाचे आहे. रोज नळावर असे होऊ लागले तर शरीर झिजते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २८० निरोगी माणसे घेतली होती. त्यांतल्या काहींना फक्त ८ मिनिटे जुना राग आठवायला सांगितले. त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता त्यानंतर ४० मिनिटांपर्यंत कमी राहिली. २०१४ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की रागाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराचा धोका एरवीपेक्षा जवळपास पाचपट होतो. निरोगी माणसाला एकदा राग आला तर भीतीचे कारण नाही. पण ज्याला बीपी, मधुमेह किंवा तंबाखूची सवय आहे आणि जो दिवसातून चार वेळा भडकतो, त्याने हे मनावर घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २१ आणि शंभर पुरुषांपैकी सुमारे २४ जणांना रक्तदाब वाढलेला होता किंवा त्याचे औषध चालू होते. बीपी वाढलेले पुष्कळदा जाणवत नाही, म्हणून मोजावेच लागते.

काय करावे?

'मनातले ओरडून मोकळे व्हावे' हा सल्ला चुकीचा आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. शरीराचा भडका वाढवणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे आदळआपट किंवा धावण्याने, राग कमी झाला नाही. संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणे यांनी मात्र झाला. विहारात आनापान शिकवले जाते, तेच इथे औषध आहे.

भडका उडतो आहे असे वाटले की जागा सोडा. पण न सांगता निघून जाऊ नका. "मी दहा मिनिटांनी येतो, मग बोलू" असे सांगून जा. श्वास हळू घ्या आणि त्याहून हळू सोडा. पाणी प्या. पोटात काही आहे का, रात्री झोप किती झाली, हे स्वतःला विचारा. दारू पिऊन कोणताही हिशेब किंवा जुने भांडण काढू नका. दारूने राग विरत नाही, लगाम सुटतो.

रांगेत, कार्यालयात, दवाखान्यात अडवणूक झाली तर तारीख, वेळ, खिडकी आणि काय म्हटले गेले ते लिहा. समोर बसलेली परिचारिका किंवा कारकून पुष्कळदा आपल्यासारखाच थकलेला असतो आणि औषध नसणे त्याच्या हातात नसते. तिथे शिवी दिली तर विषय शिवीचा होतो, औषधाचा राहत नाही. दहा जणांच्या सहीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

घरातल्या बाईच्या रागाकडेही पाहा. ती ओरडत नाही म्हणजे तिला राग येत नाही असे नव्हे. सततची डोकेदुखी, झोप न लागणे, जेवण न जाणे यांमागे गिळलेला राग असू शकतो. तिला कामातून उसंत आणि तिचे ऐकून घेणारे माणूस, दोन्ही मिळायला हवे.

दर आठवड्याला भडका उडत असेल, वस्तू फुटत असतील, हात उचलला जात असेल, नंतर पश्चात्ताप होत असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. नैराश्य पुरुषांत अनेकदा चिडचिडीच्या रूपाने दिसते. थायरॉइड वाढल्यानेही माणूस चिडतो. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीसाठी ११२ आहे. 'त्यांचा स्वभावच रागीट' म्हणून मार सहन करण्याची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

या महिन्यात घरातल्या तिशीच्या वरच्या प्रत्येकाचे बीपी जवळच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात मोजून घ्या. कुठे जायचे ते आशाताई सांगतील. जो सगळ्यात जास्त चिडतो, त्याला आधी न्या. आणि त्याला नेताना 'तू चिडका आहेस म्हणून' असे म्हणू नका. 'सगळ्यांचेच मोजायचे आहे' म्हणा.