देवमासे जीव देत नाहीत

जानेवारी २०१६ मधली गोष्ट. संक्रांत दोन दिवसांवर आली होती. मी तिळाच्या वड्या थापत होते, शेजारच्या काकू मदतीला आल्या होत्या आणि टीव्हीवर बातमी लागली होती. तामिळनाडूत तिरुचेंदूरजवळच्या किनाऱ्यावर ऐंशीहून अधिक देवमासे वाळूत येऊन पडले होते. कोळी बिचारे होड्या लावून त्यांना पाण्यात ढकलत होते आणि त्यातले कितीतरी पुन्हा वळून किनाऱ्याकडेच येत होते. चाळीसहून अधिक मेले.

काकू चुकचुकल्या, ‘‘सामूहिक आत्महत्याच की गं ही!’’

चौथीतली माझी लेक लाटणं हातात धरून तशीच थांबली. ‘‘आई, देवमासे पण आत्महत्या करतात? का बरं?’’

मला उत्तर देता आलं नाही. ‘‘आधी वड्या काप, गार होतील,’’ म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग जमेल तसं वाचत गेले. मैत्रिणींनो, जे कळलं ते आज तुम्हाला सांगतेय.

पहिली गोष्ट, देवमासा हा मासा नाहीच. डॉल्फिनही नाही. आपल्यासारखेच ते फुप्फुसांनी श्वास घेतात, पिल्लांना जन्म देतात आणि दूध पाजतात. पाण्यात त्यांचं अवाढव्य वजन पाणीच तोलून धरतं. वाळूवर आले की तेच वजन त्यांच्या छातीवर बसतं, श्वास जड होतो. अंगावरचा चरबीचा जाड थर थंड पाण्यात उबेला असतो, तोच उन्हात त्यांना आतून भाजून काढतो. असं मरण कुणी हौसेने पत्करेल का?

तिरुचेंदूरला आलेले होते पायलट व्हेल, म्हणजे खरं तर डॉल्फिनच्याच कुळातले. त्यांच्या संसाराबद्दल वाचलं आणि मी चाटच पडले. त्यांचं कुटुंब आईच्या बाजूने चालतं. मादीला साधारण पस्तीस-चाळिशीनंतर पिल्लं होत नाहीत, पण ती साठीपर्यंत जगते. म्हणजे घरात आजी असते! प्राण्यांच्या जगात ही फार दुर्मीळ गोष्ट आहे बरं का. सगळे एकमेकांना धरून राहतात. कुणी आजारी पडलं, वाट चुकलं, तरी बाकीचे त्याला टाकून जात नाहीत. एक उथळ पाण्यात शिरला की मागोमाग सगळे.

त्यात किनाराही दगा देतो. आवाज हेच यांचे डोळे. ते आवाज सोडतात, तो आदळून परत आला की पुढे काय आहे ते त्यांना समजतं. पण जिथे वाळूचा तळ अगदी हळूहळू चढत जातो, तिथे हा आवाज नीट परतत नाही. समोर मोकळा समुद्रच आहे असं वाटतं. तेवढ्यात ओहोटी लागते. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटाच्या मॅक्वारी हार्बरमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे ४७० पायलट व्हेल असेच अडकले, त्यातले ३८० च्या आसपास गेले. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच जागी पुन्हा सुमारे २३० आले. तिरुचेंदूरच्या किनाऱ्यावरही १९७३ मध्ये शंभराहून अधिक आले होते. तेव्हा काही जागाच अशा फसव्या असतात.

पण माया हेच एक कारण, असं म्हणून भागत नाही. न्यूझीलंड आणि टास्मानियात मेलेल्या पायलट व्हेलची डीएनए तपासणी करून शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सांगितलं, की एकत्र अडकलेले सगळे एकाच आईचे वंशज नव्हते. आणि लहान पिल्लं आईपासून लांब लांब पडलेली होती. म्हणजे त्या आधीच कुठेतरी ताटातूट झाली असावी. अशा वेळी एकट्या पिल्लाला समुद्रात सोडून काय उपयोग? ते आईला शोधत परतच येणार.

इथवर सगळं निसर्गाचं. आता पुढचं ऐका.

कॅनरी बेटांजवळ सप्टेंबर २००२ मध्ये नौदलांचा युद्धसराव चालू होता. पाणबुड्या शोधायला जहाजं पाण्यात प्रचंड मोठा आवाज सोडतात, त्याला सोनार म्हणतात. सराव सुरू झाला आणि काही तासांतच चोचीसारखं तोंड असलेले १४ देवमासे किनाऱ्याला लागले. हे खूप खोल बुडी मारणारे. तपासणीत त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे आणि रक्तस्राव सापडला. खोल पाण्यातून घाईघाईने वर येणाऱ्या पाणबुड्या माणसाला होतो, तसला हा त्रास. आवाजाने घाबरून त्यांच्या बुडीचं तंत्रच बिघडलं असावं. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती असा सोनार वापरायला बंदी घातली. पुढच्या जवळजवळ दशकभरात तिथे तसा सामूहिक मृत्यू एकदाही झाला नाही. आवाज थांबला, मरणं थांबली.

कधी कारण आजार असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २०१३ ते २०१५ या काळात सोळाशेहून अधिक डॉल्फिन किनाऱ्याला लागले, बहुतेक मेलेलेच. दोषी होता एक विषाणू, आपल्या गोवराच्याच भाऊबंदांपैकी. तशी साथ तिथे १९८७-८८ मध्येही आली होती. त्यानंतर जन्मलेल्या पिढीच्या अंगात तिच्याशी लढायची ताकदच नव्हती. मुलांना गोवराची लस चुकवू नका असं आपल्याला का सांगतात, ते इथे कळतं. त्यांना बिचाऱ्यांना कोण लस देणार?

कधी कारण विष असतं. चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर २०१५ मध्ये कमीत कमी ३४३ देवमासे मरून पडलेले सापडले. पाणी कोमट झालं की काही सूक्ष्म शेवाळं बेसुमार माजतात, त्यातली काही विषारी असतात. ते विष छोट्या जिवांमधून देवमाशांच्या पोटात गेलं असावं, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

आणि तेल. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये तेलविहिरीचा स्फोट झाला, महिनोन् महिने तेल समुद्रात सांडलं. त्या भागातल्या डॉल्फिनना फुप्फुसाचे आजार जडले. एका खाडीतल्या पाहणीत गरोदर आढळलेल्या माद्यांपैकी जेमतेम २० टक्क्यांची पिल्लं जगली. स्वच्छ खाडीत हेच प्रमाण ८३ टक्के होतं. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आई व्हायची वाट बघणारी कुणीही हा आकडा सहज वाचू शकणार नाही.

सगळ्यात ताजी आणि सगळ्यात साधी गोष्ट ब्राझीलची. अॅमेझॉन खोऱ्यात टेफे नावाचं सरोवर आहे, त्यात गुलाबी डॉल्फिन राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये भीषण दुष्काळ पडला, पाणी आटलं आणि उरलेलं ३९ अंशांच्या वर तापलं. आपण थंडीत अंघोळीला काढतो ना, तसं कडकडीत पाणी. पण आपण दहा मिनिटांत बाहेर येतो, ते जाणार कुठे? २८ सप्टेंबरला एका दिवसात ७० डॉल्फिन मेले. पुढच्या काही आठवड्यांत हा आकडा दोनशेवर गेला.

आणि हे सगळे बातमीत येणारे मृत्यू. जगभरात वर्षाला तीन लाखांच्या आसपास डॉल्फिन, देवमासे आणि त्यांचे भाऊबंद मासेमारीच्या जाळ्यात गुदमरून मरतात असा अंदाज आहे. त्यांची बातमी होत नाही. यात कोळ्यांना दोष देऊन चालणार नाही, जाळं हेच त्यांचं पोट. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये एक चांगली योजना आणली. जाळ्यात अडकलेला संरक्षित समुद्री जीव कोळ्याने जाळं कापून सोडला, तर नुकसानीपोटी त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

आता मला काकूंचा तो शब्द आठवतो. आत्महत्या! हा शब्द फार सोयीचा असतो, नाही का? आपल्याकडे विहिरीत एखादी बाई सापडली की ‘जीव दिला हो तिने’ म्हणून गाव मोकळं होतं. तिच्यावर काय बेतलं होतं, हे विचारायची गरजच उरत नाही. देवमाशांचंही तसंच. जीव दिला म्हटलं की आवाज कुणी केला, तेल कुणी सांडलं, पाणी कशाने तापलं, सगळे प्रश्न मिटले. काही वेळा कारण सापडत नाही, हे खरं. पण शोधलं तर पुष्कळदा सापडतं. आणि सापडलं की कॅनरी बेटांसारखा उपायही करता येतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, आपल्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू अडकलं. गावकरी, वनखातं, तटरक्षक दल सगळ्यांनी तासन् तास झटून त्याला खोल समुद्रात नेलं. तरी ते वाचलं नाही. लेक तेव्हा बारावीत होती. मोबाइलवर ती बातमी बघत बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘आई, याची आई कुठे असेल? आणि तिची नि याची ताटातूट कशाने झाली असेल?’’

याही वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न तरी बरोबर विचारला होता.

किनाऱ्यावर असा जीव दिसला तर...

• आधी वनखात्याला किंवा पोलिसांना कळवा.
• शेपटी किंवा पर धरून ओढू नका, सांधे निखळतात.
• त्याचं नाक डोक्यावर असतं. त्यात पाणी, वाळू जाऊ देऊ नका आणि ते झाकू नका.
• अंगावर ओलं फडकं टाका, हळूहळू पाणी घालत राहा, सावली करा.
• गर्दी, गोंगाट आणि फोटोसाठीची झुंबड लांब ठेवा. मुलांना शेपटीजवळ जाऊ देऊ नका.