मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर अशी घरे थोडीच, की ज्यांतील निम्मी माणसे मुंबईस वा आखातात नाहीत. गावी उरतात ते वृद्ध आईवडील आणि चार गुंठे जमीन. सातबाऱ्यावर मात्र वारसांची पंधरा-वीस नावे. इतक्यांनी एकाच दिवशी कचेरीत हजर राहायचे कसे? मग कोणीतरी सुचवितो, "एकाच्या नावे पॉवर करून द्या." आणि कागद न वाचताच सह्या व अंगठे होतात. म्हणून हा विषय समाजबांधवांपुढे सोप्या शब्दांत मांडावा असे आम्हास वाटले.

मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा दुसऱ्यास दिलेला लेखी अधिकार. यासंबंधी १८८२ चा मुखत्यारपत्र कायदा व १८७२ चा करार कायदा लागू आहे. एकाच ठराविक कामापुरते असते ते खास मुखत्यारपत्र. अनेक कामांचे सर्वसाधारण अधिकार देते ते कुलमुखत्यारपत्र. फेरफाराची नोंद करून घ्यायची असेल तर तेवढ्यापुरते खास पत्र पुरते. तेथे विक्रीचा अधिकार लिहून देण्याचे कारण नाही.

पत्र दिल्याने मालकी जात नाही. मुखत्यार हा आपला प्रतिनिधी, मालक नव्हे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने जमिनीची मालकी खरेदीदाराकडे जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले. तसेच, पत्र देणारा मयत झाला वा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, तर सर्वसाधारणपणे अधिकार तेथेच संपतो. "आईच्या पश्चात हे पत्र उपयोगी पडेल" हा समज चुकीचा आहे. त्यासाठी मृत्युपत्र व वारसनोंद हे वेगळे मार्ग आहेत. दुसऱ्याच्या वतीने मृत्युपत्र मात्र मुखत्यारास करता येत नाही.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली व जमिनी नव्या शर्तीवर वतनदारांस परत देण्यात आल्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर शर्त काय आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते काय, हे आधी पाहावे. मुखत्यारपत्राने ही शर्त टळत नाही. जो अधिकार मूळ धारकास नाही, तो मुखत्यारास कोठून येणार? २०२५ साली पुण्यातील मुंढवा येथे सुमारे ४० एकर वतन जमिनीचा ३०० कोटी रुपयांचा व्यवहार कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झाला. जमीन सरकारच्या नावे असल्याचे पुढे येताच गुन्हे दाखल झाले व चौकशी सुरू झाली. २०२४ साली अटल सेतू खुला झाल्यापासून आपल्या किनाऱ्यावरही जमिनीस मागणी आहे. तेव्हा सावध राहिलेले बरे.

मुखत्यार कोणास नेमावे? जो बोलण्यात हुशार आहे त्यास नव्हे, तर जो पै-पैचा हिशेब चारचौघांत देतो त्यास. जमीन घेणारा वा त्याचा दलाल आपला मुखत्यार कधीही नसावा. एकावर भार टाकण्यापेक्षा दोघांनी मिळून सही करावी अशी अट घालता येते. बहिणींचाही वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे. त्यांची सही घेताना ती मुखत्यारपत्रावर आहे की हक्कसोडपत्रावर, हे त्यांना उघड सांगा. भावाच्या विश्वासावर अंगठा देणाऱ्या बहिणीची फसवणूक होता कामा नये.

सही करण्यापूर्वी एवढे पाहा. पत्र मोठ्याने वाचून घ्या. गट नंबर, काम व मुदत लिहिली आहे ना? कोऱ्या कागदावर सही नको. पैसे मिळाल्याचा वा 'रद्द न होणारे' असा मजकूर असेल तर वकिलास दाखविल्याशिवाय सही करू नका, कारण असे पत्र मागे घेणे कठीण जाते. मुखत्याराने आपल्या वतीने दस्त नोंदणीस सादर करायचा असल्यास, ते पत्र आपण राहतो तेथील दुय्यम निबंधकापुढे सही करून प्रमाणित करावे लागते. परदेशातील बांधवांनी भारतीय वकिलातीत सही करावी, व पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यास योग्य मुद्रांक लावून घ्यावा.

विश्वास उडाला तर गप्प बसू नका. रद्दपत्र लिहून नोंदवा, मुखत्यारास स्पीड पोस्टाने लेखी कळवा, तलाठी कार्यालय व बँकेस प्रत द्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. रद्द झाल्याचे कळण्याआधी झालेला व्यवहार आपल्यावर बंधनकारक ठरू शकतो, म्हणून विलंब नको.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समितीत मोफत सल्ल्याची सोय आहे. अनुसूचित जातींच्या व्यक्तींना व सर्व स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही. बौद्ध बांधवांनी आपला जातीचा दाखला सोबत न्यावा. गावच्या मंडळाच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवावा, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्या वडीलधाऱ्यांसाठी, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!