धक्का बसला, पण इंग्रजीत कोणता?

समजा, शहरातील ओळखीच्या साहेबांचे वडील वारले आणि कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या मुलाने इंग्रजीत पत्र धाडले, 'आय ॲम सरप्राइज्ड.' भाव चांगला, पण अर्थ झाला, 'मला नवल वाटले!' तिथे 'शॉक्ड' हवे. मधले 'ॲम'ही गाळू देऊ नका. नुसते 'आय शॉक्ड' म्हटले, तर धक्का त्यानेच कुणाला तरी दिला असे होते. 'आय ॲम शॉकिंग' तर त्याहून वाईट!

'ॲस्टॉनिश', 'ॲस्टाउंड' आणि 'स्टन' ही तिन्ही क्रियापदे लॅटिनमधील मेघगर्जनेच्या एकाच शब्दातून निघाली. अंगावर वीज कोसळणे म्हणजे काय, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. पहिल्या दोहोंत नवल अधिक. 'स्टन'मध्ये माणूस सुन्न होतो. डोक्यात काठी बसून शुद्ध हरपली, तरी हाच शब्द. 'ॲपॉल'चे मूळ फिके पडण्यात आहे. हुंड्यासाठी सून जाळल्याची बातमी वाचून चेहरा पांढरा पडतो ना, तिथे तो वापरावा.

आणि हो, शेतात उभ्या रचून ठेवलेल्या गव्हाच्या पेंढ्यांनाही इंग्रजीत 'शॉक'च म्हणतात. कोशात तो अर्थ दिसला, तर मुलाने गोंधळू नये.