ऑनलाइन लिलावाचा व्यवहार – लेखांक सहावा : टपालहंशिलाचा न्याय

बोली कशी चढते आणि मुदत संपता संपता तिला वेग का येतो, याचा विचार गेल्या लेखांकात झाला. आता बोली संपल्यावर तिच्या बेरजेत जी आणखी एक रक्कम मिळवली जाते, त्या टपालहंशिलाकडे वळावयाचे आहे. हे हंशील दिसावयास किरकोळ असले, तरी विकणारा आणि घेणारा यांच्यातील विश्वासाची खरी परीक्षा पुष्कळदा त्याच्यापाशीच होते.

इंग्लंडात १८४० साली आणि हिंदुस्थानात १८५४ साली अंतराचा हिशेब सोडून केवळ वजनावर टपालाचा दर ठरवण्यात आला. आपल्याकडे पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा पडू लागला, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. तेव्हापासून टपालखर्च म्हणजे सरकारदरबारी ठरलेली, सर्वांस सारखी आणि घासाघीस न चालणारी रक्कम, अशी लोकांची दृढ समजूत झाली. म्हणूनच जो ग्राहक वस्तूच्या किमतीवर दहा वेळा विचार करतो, तोच टपालखर्चाचा आकडा मुकाट्याने मान्य करतो. आणि माझ्या मते या प्रकरणातील न्यायान्यायाचे मूळ याच विश्वासात आहे.

पियर ओमिड्यार यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या आणि पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आलेल्या अमेरिकी लिलावपेठेत दीर्घकाळ अशी वहिवाट होती की, विक्री पुरी झाल्यावर विक्रेत्याकडून घ्यावयाची दस्तुरी केवळ वस्तूच्या किमतीवर आकारावी, टपालाच्या रकमेवर आकारू नये. टपालाची रक्कम विक्रेत्याच्या हातून टपालखात्याकडेच जावयाची, तेव्हा हे वाजवीच होते. परंतु ज्या रकमेवर दस्तुरी नाही तिच्यात किंमत दडवण्याची वाट त्यामुळे आपोआप खुली झाली. संगीताच्या एखाद्या सीडीची बोली एका सेंटपासून सुरू करावयाची आणि टपालहंशील मात्र अनेक डॉलर लावावयाचे, असे प्रकार सुरू झाले. यात दस्तुरी तर वाचेच, शिवाय स्वस्ताईच्या क्रमाने यादी लावणाऱ्या ग्राहकासमोर तो माल सर्वांआधी येई. आणि वस्तू परत करण्याचा प्रसंग आलाच, तर किंमत तेवढी परत करून हंशील ठेवून घेण्याची सोयही विक्रेत्याला राही.

हिशेबी ग्राहक फसणार नाही, तो हंशील वजा करूनच बोली लावील, असे या पद्धतीचे समर्थक म्हणत. तान्जिम होसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी याचीच परीक्षा पाहिली. सारख्याच सीडी आणि व्हिडिओ खेळ त्यांनी ईबेवर लिलावास काढले; काहींची बोली चार डॉलरपासून आणि टपाल विनामूल्य, तर काहींची बोली एका सेंटपासून आणि टपाल तीन डॉलर नव्याण्णव सेंट. दोहोंचा किमान खर्च सारखाच, तरीही २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, हंशील फार अवाजवी नसेल तोवर दुसऱ्या प्रकारास बोली लावणारे अधिक मिळतात आणि विक्रेत्याच्या हाती एकूण रक्कमही अधिक पडते. म्हणजे हा लाभ मालाच्या गुणातून येत नाही, ग्राहकाच्या अनवधानातून येतो, आणि म्हणूनच मी त्याला अन्याय्य म्हणतो.

तथापि पाकिटावरच्या तिकिटांची बेरीज करून प्रत्येक विक्रेत्यास लबाड ठरवणे हेही तितकेच अनुचित होय. चिनी मातीची किटली पाठवावयाची, तर तिच्या पोटात कागद कोंबावा लागतो, तोटी आणि झाकण निराळे गुंडाळावे लागते, एका खोक्यात दुसरे खोके बसवून मधली पोकळी भरावी लागते. या सामानाचा खर्च तिकिटावर छापलेला नसतो. तो घेण्याचा विक्रेत्याला पूर्ण अधिकार आहे, मात्र आकडा बोली सुरू होण्यापूर्वी जाहीर झालेला असावा आणि प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा मेळ बसावा. एकाच विक्रेत्याकडून पोस्टाच्या तिकिटांचे पाच लॉट जिंकणाऱ्या संग्राहकास ते सगळे एकाच पाकिटात येऊनही पाच वेळा हंशील भरावे लागले, तर तेथे हा मेळ उघडच तुटलेला असतो.

अवाजवी हंशिलावर ईबेच्या पेढीने उपाय केले. २००७ साली टपालखर्चाच्या वाजवीपणाबद्दल विक्रेत्यास तारांकित गुण देण्याची मुभा ग्राहकांना मिळाली, २००८ साली पुस्तके आणि सीडी यांसारख्या मालावर हंशिलाची कमाल मर्यादा घातली गेली, आणि २०११ साली अमेरिकेत दस्तुरी एकूण रकमेवर, म्हणजे टपालासकट, आकारण्यास सुरुवात झाली. एका सेंटच्या बोलीमागील मुख्य प्रलोभन या शेवटच्या उपायाने नाहीसे केले खरे. पण त्याचा भार सचोटीच्या माणसावरही पडला. दस्तुरी शेकडा दहा धरली, तर टपालखात्यास वीस डॉलर देऊन ग्राहकाकडून वीसच घेणाऱ्यास त्यातले दोन डॉलर पदरचे भरावे लागतात, आणि ते भरून काढण्यासाठी त्याने हंशील बावीस डॉलरांवर नेले तर पाकिटावरचा आकडा वाचणारा ग्राहक त्यालाच दोष देतो. वजनदार आणि स्वस्त माल विकणाऱ्यास, उदाहरणार्थ जुन्या मासिकांचे गठ्ठे पाठवणाऱ्यास, हा भार सर्वांत जड जातो. पेढीने टपालखात्यास प्रत्यक्ष भरलेल्या रकमेपुरती दस्तुरी माफ करावी असे मला वाटते. पेढीमार्फतच टपालाचे लेबल छापून घेणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत तर तो आकडा तिच्या दप्तरी आधीच रुजू असतो.